अण्णांच्या बॅटचं रबर

तुम्ही कधी टेबल टेनिसच्या बॅटला रबर चिकटवलंय? नसेल, तर सुखाचा जीव दुःखात घालू नका. लग्न होईपर्यंत सूनबाईचंही बरं चाललं होतं. बॅट दुकानात मिळते, रबर लावूनच मिळते, चेंडू तिच्यावर आपटला की पलीकडे जातो, एवढीच तिची समजूत होती. मग नवऱ्याबरोबर सासरे आले आणि सासऱ्यांबरोबर रबरं आली.

सासऱ्यांना घरात आणि बाहेर सगळे अण्णा म्हणत. त्यांची सगळी नोकरी लिफ्टच्या दुरुस्तीत गेली. लिफ्ट मेकॅनिकचं काम म्हणजे बंद पडलेली लिफ्ट चालू करायची, असं आपल्याला वाटतं. अण्णांना विचाराल तर म्हणतील, "ते काय, कोणीही करेल. चालू लिफ्टमध्ये डोळे मिटून उभं राहायचं आणि ही कुठं बंद पडणार ते आधी ओळखायचं, ते खरं काम." म्हणजे जिथं सगळं सुरळीत चाललंय तिथं दोष काढायचा. चाळीसेक वर्षं माणसानं हेच केलं. निवृत्त झाल्यावर हत्यारांची पेटी त्यांनी कंपनीला परत केली, पण कान मात्र घरी घेऊन आले.

मग घरातलं काहीच सुटेना. मिक्सर लावला की आतून हाक यायची, "सूनबाई, त्याचं खालचं बुश गेलंय!" नळ सोडला की, "वायसर बदल!" एकदा ती दुकानातून दमून आली, जिना चढून दारात पोचली, तर दार उघडायच्या आधीच अण्णा आतून म्हणाले, "तुझ्या डाव्या चपलेची टाच झिजलीये." आता यावर माणसानं काय बोलावं? ती नवऱ्याकडे गेली की नवरा म्हणायचा, "स्वभाव आहे गं त्यांचा." सगळ्या नवऱ्यांना हे वाक्य जन्माबरोबरच देऊन ठेवलेलं असतं. ते म्हटलं की ते मोकळे, पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालायला.

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. अण्णांना उरला होता तो एक हॉल. वाचनालयाच्या वरचा, दोन टेबलांचा, खिडकीच्या तावदानावर कागद चिकटवलेला, कारण ऊन डोळ्यांवर येतं म्हणून कुणीतरी कधीतरी तक्रार केली होती. कुणी ते सांगायला नकोच. तिथं म्हातारी मंडळी रोज सकाळी खेळायची, पांढरे बूट घालून, गुडघे कुरकुरवत. दर वर्षी त्यांच्यातल्या तिघांचा संघ दुसऱ्या गावी ज्येष्ठांच्या स्पर्धेला जायचा. निवृत्त झाल्यापासून अण्णांनी ती स्पर्धा एकदाही चुकवली नव्हती. तिथला निळा टी-शर्ट कपाटात वेगळ्या हँगरला असायचा आणि त्याला इस्त्री करताना अण्णा कोणाला हात लावू देत नसत. त्या प्रवासाच्या गोष्टी मग वर्षभर पुरायच्या. कोण कसं घोरलं, कोण बूट विसरलं, कुणाची सर्व्हिस परतलीच नाही. त्याच त्या गोष्टी ऐकून सूनबाईला त्या तोंडपाठ झाल्या होत्या.

आता यात रबर चिकटवण्याचं काम तिच्या गळ्यात कसं पडलं? चूक तिचीच. ती फोटो फ्रेम करणाऱ्या दुकानात काम करायची. फोटोभोवती जो जाड पुठ्ठ्याचा चौकोन असतो, तो आतून तिरका कापावा लागतो, आणि चारही कोपऱ्यांत पातं नेमकं थांबावं लागतं. एकदा अण्णा डबा द्यायला दुकानात आले आणि तिला कापताना बघत उभे राहिले. काही म्हणाले नाहीत. अण्णा काही म्हणाले नाहीत म्हणजे काय, हे तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवं होतं! दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बॅटचं उघडं लाकूड, रबराची दोन पाकिटं आणि गोंदाची बाटली मांडून अण्णा तिची वाट बघत होते.

"मी कात्रीनं कापलं की कड उंदरानं कुरतडल्यासारखी होते," ते म्हणाले. "तू काप."

कापायचं तेवढं कापेन म्हणून ती बसली, आणि भटाला दिली ओसरी तसं झालं. कापता कापता गोंद लावणंही तिच्याकडेच आलं. हा गोंद पांढराशुभ्र, पाण्यातला. रबराच्या मागच्या स्पंजला लावायचा, लाकडाला लावायचा, आणि मग दोन्ही गोष्टी नुसत्या बघत बसायच्या. दुधासारखा पांढरा असतो तो हळूहळू विरत विरत काचेसारखा होतो. पूर्ण काच झाली की मगच रबर मुठीच्या बाजूनं टेकवायचं आणि लाटण्यानं अलगद पुढं दाबत न्यायचं. हो, लाटण्यानं. स्वयंपाकघरातलंच. "दुसरं लाटणं आणा," ती म्हणाली, तेव्हा अण्णांनी नवीन लाटणं आणलं, ते हातात फिरवून बघितलं, आणि ते एका बाजूला जड आहे म्हणून स्वयंपाकघरात ठेवून जुनं बॅटसाठी घेतलं. तेव्हापासून घरातल्या पोळ्या एका बाजूला जाड व्हायला लागल्या.

तर ही झाली नेहमीची कटकट. त्या वर्षी जे झालं ते वेगळं होतं.

हॉलचा सगळा कारभार बघणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे कप्तान म्हणत. त्यांनी एके सकाळी जाहीर केलं की संघातल्या दोन जागा पक्क्या, तिसऱ्या जागेसाठी मात्र अण्णा आणि टेलर यांची मॅच होईल. रविवारी. जिंकेल तो जाईल.

टेलर म्हणजे कोपऱ्यावर पँट-शर्ट शिवणारे, अण्णांपेक्षा वयानं थोडे लहान, आणि गेल्या वर्षापर्यंत राखीव. पण मधल्या काळात त्यांनी बॅटच्या एका बाजूला लांब दाण्यांचं रबर लावून घेतलं होतं. त्याच्यावरून आलेला चेंडू हेलकावे खात येतो, जोरात मारावा तर जाळीत, हळू मारावा तर आभाळात. अण्णांना तो चेंडू कळत नव्हता. लिफ्टची सगळी दुखणी कानानं ओळखणाऱ्या माणसाला एका टेलरचा चेंडू कळत नव्हता, आणि त्यापायी वर्षाची ती एक सहल, तो निळा टी-शर्ट, ती घोरण्याबिरण्याची सगळी दुनियाच हातातून जायची वेळ आली होती. हे सूनबाईला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तिनं पुढचं सगळं सहन केलं. निदान सुरुवातीला.

अण्णांनी ठरवलं की उपाय एकच, रबर बदलायचं.

आता रबर निवडणं म्हणजे मुलगी बघण्यापेक्षा कठीण. अण्णा पाकीट उघडायचे, रबरावर फुंकर मारायचे, नखानं दाबायचे, त्यावर चेंडू घासून उचलला जातोय का बघायचे, वास घ्यायचे. जेवताना मधेच विचारायचे, "सूनबाई, दोन की दोन पॉइंट एक?"

"काय दोन?"

"स्पंजची जाडी. मिलिमीटर."

"अहो अण्णा, केसाचाही फरक नाही त्याच्यात!"

"मॅच तेवढ्यावरच जाते," अण्णा म्हणायचे आणि भातात वरण कालवत बसायचे, जणू तिच्या बोलण्यानं सगळा प्रश्न त्यांना आणखी गहन वाटायला लागला होता.

पहिलं जे आणलं ते फार वेगवान निघालं. चेंडू टेबलाच्या बाहेर. ते काढा. दुसरं मऊ निघालं. चेंडू बसतोच, उठत नाही. तेही काढा. काढायचं म्हणजे नुसतं ओढायचं नाही, एका कोपऱ्यापासून सावकाश सोलायचं, नाहीतर लाकडाचा पापुद्रा निघतो. मग स्पंजवरचा जुना गोंद बोटानं चोळून चोळून काढायचा. त्याच्या शेवया होतात आणि त्या टेबलभर, तिच्या केसांत, एकदा तर नवऱ्याच्या ताटात. नवरा म्हणाला, "हे काय?" ती म्हणाली, "तुमच्या वडिलांचा स्वभाव." तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं.

तिसऱ्या खेपेला अण्णा म्हणाले, पहिलंच बरं होतं. ते पुन्हा लावलं. सकाळी हॉलवरून आले ते मान हलवतच. "ते आता सैल पडलंय. ओढलंस तू काढताना."

"मी?"

"कोणीतरी ओढलंय."

घरात ती आणि अण्णा सोडून तिसरं माणूस मोबाइलमध्ये असायचं, तेव्हा कोणी ओढलं हे वेगळं सांगायला नकोच. तिनं दात आवळले आणि पुन्हा चिकटवलं.

मग गुरुवार उजाडला. दुकानात त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या फोटोवरची मोठी काच तिच्या हातून फुटली होती. मालक काही बोलला नाही, पण त्याचं न बोलणंही तिला लागलं. घरी आली, पायातल्या चपला काढतेय तोवर अण्णा समोर. हातात बॅट.

"सूनबाई, एक विचार आलाय. लाल आहे तिथं काळं लावलं आणि काळ्याच्या जागी लाल, तर?"

"तर काय होईल?"

"टेलर गोंधळेल."

"टेलरला डोळे नाहीत का? लाल-काळं दिसत नाही त्यांना?"

"दिसतं गं. पण सवय असते ना एकेका रंगाची. तेवढ्या एका क्षणात..."

आणि सूनबाई फुटली. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. "पुरे! पुरे झालं तुमचं रबर! मी दिवसभर राबून यायचं आणि घरात पाऊल टाकलं की ही बॅट! ह्याचं बुश, त्याचा वायसर, माझी चप्पल, माझं ओढणं! एक गोष्ट धड वाटत नाही तुम्हाला माझी! हे शेवटचं. तुम्हाला पाहिजे तसं लावून देते. पण यानंतर ह्या रबराबद्दल एक शब्द, एक शब्द जरी तोंडातून काढलात ना, तर मी तुमच्या कुठल्याच कामाला हात लावणार नाही. कुठल्याच. सांगून ठेवते."

अण्णा बॅट हातात धरून उभेच राहिले. मग म्हणाले, "बरं. नाही काढणार."

ती तणतणत बसली. दोन्ही रबरं सोलली, शेवया काढल्या, गोंद लावला. लाल बाजूचा गोंद कडेनं काच झाला, पण मधे, मुठीच्या थोडं वर, अजून दुधाळ होता. दिसत होता तिला. थांबायला हवं हेही कळत होतं. पण थांबायचं म्हणजे अण्णांच्या समोर त्या टेबलापाशी नुसतं बसून राहायचं, आणि तेवढं बसणं त्या दिवशी तिच्यानं होणं शक्यच नव्हतं. दाबाखाली वाळेल की, असं मनाशी म्हणून तिनं रबर टेकवलं आणि लाटणं फिरवलं. जोरात फिरवलं. कड मात्र नेहमीसारखी कापली, एका फटक्यात गोल. वर जाड पुस्तकांचा ढीग ठेवला आणि ती आत निघून गेली.

शुक्रवारी संध्याकाळी अण्णांनी बॅट उचलली. सूनबाई ओट्यापाशी उभी राहून बघत होती, कंबरेवर हात ठेवूनच. अण्णांनी काळ्या बाजूवरून अंगठा फिरवला. मग लाल बाजूवरून. अंगठा मधे जरासा थांबला. पुन्हा तिथंच आला. मग त्यांनी वर पाहिलं, तिच्या तोंडाकडे.

"झकास झालंय," अण्णा म्हणाले.

तिला वाटलं, बघा! एकदा आवाज चढवला की माणूस कसा ताळ्यावर येतो! हे आधीच करायला हवं होतं.

रविवारी नवऱ्याला काहीतरी काम निघालं, म्हणजे नेहमीचंच, म्हणून सूनबाईच अण्णांना गाडीनं हॉलवर घेऊन गेली. भिंतीकडच्या बाकावर बसली. कप्तान पंच होते. मॅचच्या आधी या खेळात एक रीत असते. दोघं खेळाडू एकमेकांची बॅट हातात घेऊन बघतात, कुठलं रबर आहे, काय आहे. अण्णांनी टेलरची बॅट पाहिली. टेलरनी अण्णांची पाहिली, उलटी केली, आणि अंगठा फिरवता फिरवता थांबले. काहीतरी म्हणाले. अण्णा त्यांच्या अगदी जवळ गेले, हळू आवाजात काहीतरी बोलले, आणि टेलरच्या हातातून बॅट जवळजवळ ओढूनच घेतली. म्हाताऱ्यांची काहीतरी चेष्टा चालली असेल, असं सूनबाईला वाटलं.

अण्णा वाईट खेळले नाहीत. टेलरचा तो हेलकावणारा चेंडू त्या दिवशी त्यांना कळत होता, ते पुढं वाकून वाट बघत थांबायचे आणि नेमका उचलायचे. डाव बरोबरीत गेले. पण मधूनच एखादा चांगला आलेला चेंडू त्यांच्या बॅटवर फट् करून आपटायचा आणि मेल्यासारखा जाळीच्या अलीकडेच पडायचा. अण्णा मनगट झटकायचे. शेवटच्या डावात असं पुन्हा पुन्हा झालं. शेवटचा गुण तसाच गेला. टेलरनी जिंकल्यावर हात वर केला नाही, नुसते टेबलाशी उभे राहिले. अण्णा त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

परत येताना गाडीत सूनबाई म्हणाली, "थोडक्यात गेली हो."

"हात गेला माझा आता," अण्णा म्हणाले. "वय झालं." आणि खिडकीबाहेर बघत बसले. वाटेत तिचा गिअर खरखरला. अण्णा काही बोलले नाहीत.

त्यानंतर अण्णा हॉलवर गेले नाहीत. बॅट कपाटावर ठेवून दिली. तिघं जण स्पर्धेला गेले, परत आले, निळा टी-शर्ट हँगरलाच राहिला. आणि घरात शांतता झाली. मिक्सर बोंबलायचा, अण्णा पेपर वाचायचे. नळ ठिबकायचा, अण्णा पान उलटायचे. नवरा खूश, म्हणाला, "अण्णा सुधारले गं!" सूनबाईलाही पहिले काही दिवस स्वर्ग वाटला. मग हळूहळू ती शांतता तिच्या डोक्यात जायला लागली. बोलणारा माणूस गप्प बसला की त्याच्यासारखा छळ नाही. एकदा तिनं मुद्दाम बिनसाखरेचा चहा करून दिला. अण्णांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप विसळून जागेवर ठेवला, आणि "छान झाला होता" म्हणाले. तिला कप फोडावासा वाटला.

अशातच एका दुपारी टेलर तिच्या दुकानात आले. हातात मोठा फोटो, फ्रेम करायला. स्पर्धेतला होता. कप्तान, दुसरे एक गृहस्थ आणि टेलर, तिघांच्या मधे छोटासा कप.

"तिसरे आलो," टेलर म्हणाले. तिनं अभिनंदन केलं, पुठ्ठ्याचा रंग विचारला. टेलर रंग सांगेनात. फोटोकडे बघत उभे राहिले.

"इथं अण्णा पाहिजे होते," ते म्हणाले. "खरं सांगू का ताई, मला हा फोटो लावून घ्यायची लाज वाटते. कप्तान म्हणाले म्हणून आणलाय."

"का हो? तुम्ही जिंकलात की."

"कसला जिंकलो! त्यांच्या बॅटवर हा एवढा फुगा होता." त्यांनी अंगठा आणि बोट जोडून बटणाएवढं गोल दाखवलं. "लाल बाजूला, ऐन मधे. रबर खाली धरलंच नव्हतं. तिथं चेंडू पडला की मेला. मी आधी बघितलं ना, तेव्हाच म्हटलं, अण्णा हे काय, दुसरी बॅट घ्या, माझी एक जादा आहे. नाहीतर कप्तानांना सांगू, पुढच्या रविवारी खेळू. तर म्हणाले, 'हळू बोल. सून बाकावर बसलीये. तिच्या कानावर जाता कामा नये.' अन् बॅट ओढून घेतली माझ्या हातातून. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल एव्हाना."

सूनबाईनं पुठ्ठा कापायला घेतला होता. पातं कोपऱ्याच्या पुढं गेलं. पुठ्ठा वाया गेला. तिनं टेलरना म्हटलं, उद्या या, आणि मालकाला डोकं दुखतंय असं सांगून ती घरी निघाली. डोकं खरंच दुखत होतं. रागानं. कोणावरच्या, ते तिला सांगता आलं नसतं. स्वतःवर होता, टेलरवर होता, नवऱ्यावर तर असायचाच, पण सगळ्यात जास्त त्या म्हाताऱ्यावर होता.

घरी आली, स्टूल ओढलं, कपाटावरून बॅट काढली. लाल बाजूवर अंगठा फिरवला. होता फुगा. पहिल्याच फिरवण्यात लागला. हिला लागला, टेलरला लागला, आणि चालत्या लिफ्टचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला लागला नसेल?

अण्णा आतल्या खोलीत कॉटवर बसून सदऱ्याला बटण लावत होते. तिनं बॅट त्यांच्या पुढ्यात आपटली.

"हा फुगा तुम्हाला त्याच दिवशी कळला होता ना?"

अण्णांनी सुई सदऱ्यात खोचून ठेवली. "कुठला?"

"अण्णा!"

"कळला होता," अण्णा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत? मिक्सरवर बोलता, चपलेवर बोलता, नको तिथं माझा जीव खाता! आणि जिथं बोलायलाच पाहिजे तिथं तोंडाला कुलूप? पाच मिनिटांचं काम होतं हो! सोलून परत लावून दिलं असतं मी! तुमची जागा गेली अण्णा! माझ्यामुळे गेली! मी गोंद वाळू दिला नव्हता, मला दिसत होतं तरी दिला नव्हता!"

"तूच म्हणाली होतीस ना," अण्णा म्हणाले. "एक शब्द काढला तर हात लावणार नाही म्हणून. कुठल्याच कामाला."

"अहो, रागात म्हणतं माणूस!"

"ते मला माहीत होतं." अण्णांनी सदऱ्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. "माहीत होतं, पण खात्री नव्हती. आता बघ, संघातली जागा गेली तर तिथं टेलर बसतो. बसू दे. माणूस चांगला आहे. पण तू खरंच मनावर घेतलं असतंस, तर मी या घरात कुठं बसलो असतो?"

ती त्यांच्याच कॉटच्या कडेला मटकन बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडताच ओरडायला लागली. "खात्री नव्हती म्हणे! इतकी वर्षं एका घरात राहून खात्री नव्हती! तुमच्यासाठी मी त्या घाणेरड्या गोंदाच्या शेवया केसांतून काढल्या, वाकड्या लाटण्यावर पोळ्या केल्या, आणि यांना खात्री नव्हती! असं वाटलंच कसं तुम्हाला? मी काय एवढी वाईट आहे?"

"नाही गं," अण्णा घाबरून म्हणाले. "तसं कोण म्हणतंय?"

"मग बोला! आत्ताच्या आत्ता बोला! काय काय चुकलंय माझं ते सगळं सांगा. आणि परत या घरात असे गप्प बसलात ना, तर याद राखा."

अण्णांनी तिच्याकडे नीट बघितलं. हीही रागातच बोलतेय की काय, याचा अंदाज घेत असावेत. मग त्यांनी बॅट उचलली.

"गोंद ओला होता, ते एक," ते सांभाळून म्हणाले. "पण लाटणंही तू मधून सुरू केलंस. मुठीपासून न्यायचं असतं. आणि जोर फार दिलास."

"बरं. पुढं?"

"चहात साखर नव्हती परवा."

"पुढं?"

"गाडीचा क्लच तू अर्धाच दाबतेस. नेहमीच. त्यानं गिअर खातो, आणि एक दिवस भर रस्त्यात..."

"क्लच पूर्ण दाबते मी!" सूनबाई डोळे पुसत म्हणाली. "गाडीच जुनी आहे. तुमच्या मुलाला सांगा, सर्व्हिसिंग करून आण म्हणून, कधीपासून बोंबलतेय मी."

"गाडीला काही झालेलं नाही. पाय तुझा उशिरा पडतो. मी शेजारी बसतो, मला ऐकू येतं ना."

"तुम्हाला काय कळतंय गाडीतलं? तुम्ही लिफ्ट चालवायचात!"

"चालवायचो नाही, दुरुस्त करायचो!" अण्णांचा आवाज चढला. बऱ्याच दिवसांनी चढला होता, त्यामुळे पहिल्यांदा जरा फाटलाच.

नवरा कामावरून आला तेव्हा दोघं जेवणाच्या टेबलापाशी समोरासमोर बसलेली होती, मधे सोललेली बॅट होती, गोंदाच्या शेवया सगळीकडे, आणि क्लचवरून भांडण अजून चालूच होतं. त्यानं दारातूनच विचारलं, "काय झालं?" तर दोघांनी एकदम त्याच्याकडे वळून सांगितलं की तू मधे पडू नकोस, आणि चपला बाहेर काढ.